गाडीभाडं

"वर्गात आत्ता तुझ्या जागेवर कोण बसलंय?" केळुसकरबाईंनी दारातूनच विचारलं.

माझ्या हातात लाटणं होतं, पोळपाटावर एकशे चाळिसावी पोळी होती आणि घड्याळात सव्वादहा वाजले होते. दहाला नाडकर्णीसरांचा खडकांचा तास सुरू झाला होता, हे मला ठाऊक होतं आणि बाईंनाही. सोनटक्केकाकूंच्या खानावळीच्या स्वयंपाकघरात बाहेरचं माणूस आलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. बाई मात्र लूना दाराशी लावून, पिठाच्या डब्याला वळसा घालून, थेट माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"ती पोळी पूर्ण कर," त्या म्हणाल्या. "अर्धी टाकून उठू नकोस. मग बाहेर ये."

मी पोळी पूर्ण केली. चांगली गोल झाली. घाबरले की माझ्या पोळ्या जास्तच गोल होत.

हे सगळं शहाण्णव सालच्या फेब्रुवारीतलं. मी एकवीस वर्षांची होते आणि विद्यापीठात भूगर्भशास्त्राच्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. घर विट्याला. वडील, म्हणजे आमचे आबा, वायदंडे ब्रास बँडचे मास्तर. क्लारनेट वाजवायचे. शाळा चौथीपर्यंत. आमच्या सगळ्या भावकीत माझ्याआधी सर्वांत जास्त शिकलेला माणूस म्हणजे माझा चुलतभाऊ तानाजी, आणि तो दहावीला दोनदा बसून दोन्ही वेळा घरी परत आला होता. त्यामुळे विद्यापीठ म्हणजे काय, हे विचारायला मला घरात कोणी नव्हतं. मी आपली बघून बघून शिकत होते, आणि बरंचसं चुकीचं शिकत होते.

केळुसकरबाई एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या आणि त्यांच्या चार मैत्रिणी मिळून एक साहाय्य निधी चालवत. घरातून पहिल्यांदाच विद्यापीठात आलेल्या मुलींना त्यातून दरमहा शिष्यवृत्ती मिळे. मला ती जुलैपासून मिळत होती. जेवण, पुस्तकं, कपडालत्ता सगळं नीट भागून चार पैसे उरावेत एवढी रक्कम होती. तरीही मी रोज सकाळी साडेसात ते अकरा पोळ्या लाटत होते आणि संध्याकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात उभी राहत होते.

"आता नीट ऐक," बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात नाडकर्णीसरांचं पत्र होतं. "पहिल्या सत्रात दोन विषय गेले. हजेरी निम्मी. सर लिहितात, मुलगी हुशार आहे, पण वर्गात डुलक्या घेते. आणि सोमवारी सकाळी तुमचा फील्डचा दौरा निघतोय, त्याला तू येत नाहीस म्हणालीस. घरी लग्न आहे म्हणे. कोणाचं गं लग्न?"

माघ महिना होता. विट्यात रोज कोणाचं ना कोणाचं लग्न होतं, पण आमच्यापैकी कोणाचं नव्हतं.

"दौऱ्याला गेली नाहीस तर वर्ष गेलं, हे कळतंय ना तुला?"

"हो."

"आणि वर्ष गेलं तर शिष्यवृत्तीही गेली. सोमवारी दुपारी आमची समिती बसते आहे. हे पत्र मला तिथे वाचावं लागेल." बाईंनी चष्मा काढून पुसला. "दौऱ्याला पैसे नाहीत म्हणून नाही म्हणालीस?"

"हो."

"मग आम्ही देतो ते कुठे जातात? घरी पाठवतेस?"

"नाही."

"वडील मागतात?"

"नाही हो बाई."

"अगं मग जातात कुठे?"

"कुठेच जात नाहीत," मी म्हणाले. "बँकेत आहेत. सगळे."

बाईंनी चष्मा परत लावला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या पायांत स्लिपर होत्या, एकीचा पट्टा सुतळीनं बांधलेला होता.

"हुंड्यासाठी जमवतेस?"

मला फार राग आला. खरं कारण मला सांगता आलं असतं. पण ते बाईंना कळेल असं वाटेना, आणि कळलंच तर त्या हसतील असं वाटलं. मी मान खाली घालून हाताला चिकटलेलं पीठ सोलत राहिले. न बोलणं हे हो म्हणण्यासारखं दिसतंय, हे मला समजत होतं.

"बरं," बाई लूनाकडे वळत म्हणाल्या. "शनिवारी दहा वाजता कचेरीत ये. वडिलांना घेऊन ये. त्यांच्याशीच बोलते."

"त्यांना नको, बाई. लग्नाचा सीझन आहे."

"मग तर यावंच लागेल त्यांना."

मी आबांना शिष्यवृत्तीबद्दल कधी सांगितलंच नव्हतं. फी माफ झाली आहे आणि जेवणाचं भागतं, एवढंच सांगितलं होतं. संध्याकाळी विट्याला, घराजवळच्या पिठाच्या गिरणीत फोन लावला. आबांना बोलावून आणायला दहा मिनिटं गेली आणि तेवढ्यात माझे अर्धे पैसे मीटरवर संपले.

"आबा, शनिवारी पुण्याला या. समितीनं बोलावलंय."

"कसली समिती? काय केलंस?"

"केलं काय न्हाई. या तुमी. दहाला."

"येतो," आबा म्हणाले आणि माझ्याआधी त्यांनीच फोन ठेवला. माझे पैसे वाचावेत म्हणून ते नेहमी तसंच करत.

शनिवारी दहा वाजले, सव्वादहा झाले, आबांचा पत्ता नाही. निधीची कचेरी म्हणजे सदाशिव पेठेत एका कापड दुकानावरच्या दोन खोल्या. मी बाकावर बसून घड्याळ बघत होते. दौऱ्याची वर्गणी भरायला दुपारी दोनपर्यंत मुदत होती आणि शनिवारी बँक बाराला बंद व्हायची. दौऱ्याला जायचं नाही असं मीच ठरवलं होतं, तरी डोक्यात हा हिशेब चालूच होता. त्यावरून काय ते समजावं. जायचं होतं मला. चार दिवस उघड्यावर खडक बघत हिंडायचं, या कल्पनेनं मला दोन आठवडे झोप लागत नव्हती.

पावणेअकराला जिन्यात पावलं वाजली. आबा इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, टोपी घालून, घामाघूम होऊन वर आले. दारात चपला काढल्या, बाईंना हात जोडले आणि बसा म्हटल्यावरही उभेच राहिले.

"येष्टी पंक्चर झाली सासवडच्या पुढं," ते म्हणाले. "काय चुकलं बाई पोरीचं?"

बाईंनी आधी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं. मग मात्र आडपडदा ठेवला नाही. "वायदंडे, स्पष्ट विचारते, राग मानू नका. मुलीच्या शिष्यवृत्तीवर घरच्यांचा डोळा आहे का?"

"शिष्यवृत्ती?" आबांनी माझ्याकडे पाहिलं. "फी माफ हाय म्हणालीस."

बाईंनी रक्कम सांगितली. आबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"म्हैन्याला?"

"दरमहा. जुलैपासून. आणि तिने एक रुपयाही काढलेला नाही. इथे पहाटे उठून पोळ्या लाटते, रात्री वर्गातलं काही आठवत नाही, दोन विषयांत नापास झाली. परवा दौरा आहे, त्याला जात नाही. मी कारण विचारलं तर गप्प. तुम्ही तरी विचारा."

आबा माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता रागावतील. पण आमच्या आबांना राग आला की ते आवाज खाली आणतात, आणि तसा त्यांचा आवाज अगदी खाली आला.

"का गं हात लावला न्हाईस?"

"इसाराच्या पैशाला हात लावायचा नसतो," मी म्हणाले. "तुमीच सांगितलंय."

बाई पुढे वाकल्या. "कशाच्या?"

मग मला सगळं सांगावं लागलं. बँडवाल्याला लग्न ठरवताना पार्टी आगाऊ रक्कम देते, तो इसार. बहुतेक बँडवाले तो घेतल्या दिवशीच खर्चून टाकतात. आबा तसं करत नसत. आमच्या घरात इसाराचा वेगळा पत्र्याचा डबा होता आणि लग्न लागून वाजवून होईपर्यंत त्या पैशाला कोणी हात लावत नसे. घरात मीठ संपलं तरी नाही. मी नऊ वर्षांची असताना लेंगऱ्याचं एक लग्न ऐन वेळी मोडलं. मुलाकडची माणसं इसार मागायला आली. त्यांनी दोन बँड ठरवले होते, एक आमचा आणि एक शेजारच्या गावचा. त्या दुसऱ्या मास्तरांनी पैसे खर्च केले होते. लोकांनी भर चौकात त्यांच्या बायकामुलांदेखत त्यांचा ढोल उचलून नेला. आबांनी मात्र डबा उघडला आणि मोजायचीही वेळ येऊ न देता होते तसे पैसे परत केले. त्या दिवशी आबांनी मला जवळ घेऊन सांगितलं होतं की, काम होईस्तोवर ते पैसे आपले नसतात.

"आणि तुमच्या पत्रात लिहिलंय," मी बाईंना म्हणाले, "शिक्षण पूर्ण न केल्यास रक्कम परत मागण्याचा अधिकार समितीला राहील."

"अगं, ते वाक्य वकिलांनी घातलंय!" बाईंनी कपाळावर हात मारला. "पंधरा वर्षांत आम्ही कुणाकडून कवडी परत मागितलेली नाही. त्या पत्रातलं बाकी काही वाचलंस की नाही?"

बाकीचंही वाचलं होतं. पण माझ्या डोक्यात राहिलं ते तेवढंच वाक्य. त्या वाक्यावर मी सात महिने काढले होते, अर्धपोटी नव्हे, पण अर्ध्या झोपेवर नक्की.

आबा हसले नाहीत. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"पोरी, मला एक सांग. समज, गडहिंग्लजची पार्टी आली. इसार दिला, आन् वर गाडीभाडं दिलं. इसार मी डब्यात टाकणार. आन् गाडीभाडं?"

"गाडीवाल्याला देणार."

"कशापायी? ते बी टाकायचं की डब्यात. लग्न मोडलं तर परत द्याया बरं."

"मग गडहिंग्लजला जाणार कसं?"

"तेच इचारतूय मी!" आबांचा आवाज आता वर आला, म्हणजे राग गेला होता. "बारा माणसं, ढोल, ताशे, झांजा घिऊन आमी विट्याच्या चौकात बसलोय, आन् गाडीभाडं डब्यात! तिकडं लग्न लागतंय बिनबँडाचं. आन् मग पार्टी म्हणणार, वायदंडे आलाच न्हाई, काढा पैसे परत. बरोबर हाय का न्हाई? तू तसं केलंस. ह्या बाईंनी तुला इसार दिला न्हाई. गाडीभाडं दिलंय."

केळुसकरबाई हसायला लागल्या. चष्मा काढून, डोळे पुसत हसल्या. मला मात्र हसू येईना. आबांनी बरोबर दुखऱ्या जागी हात घातला होता, आणि अजून ते थांबले नव्हते.

"आन् अजून एक," ते हळूच म्हणाले. "इसार आमी ठिवतो कशानं? लग्न मोडंल ह्याची धास्ती असती म्हणून. लग्न दुसऱ्याच्या घरचं. आपल्या हातात काय नसतं त्यातलं. हे तर तुझं हाय. तुला वाटलं, जमायचं न्हाई. गपचूप पैसे परत देऊ आन् जाऊ घरी, कुणाला कळायचं बी न्हाई. असंच ना?"

असंच होतं. मी स्वतःलासुद्धा हे कधी सांगितलं नव्हतं. वर्गात सगळ्यांचे आईवडील कोणी डॉक्टर, कोणी प्राध्यापक, आणि मला पहिल्या महिन्यात ग्रंथालयातून पुस्तक कसं काढायचं हे विचारायचीसुद्धा लाज वाटत होती. आपण इथे चुकून आलो आहोत आणि कोणीतरी येऊन लवकरच आपल्याला उठवणार, असं मला रोज वाटायचं. त्या दिवसासाठी मी पैसे तयार ठेवले होते. मी कचेरीत, त्या दोघांसमोर, मोठ्यानं रडले. खूप दिवसांचं साचलेलं होतं, बरं वाटलं.

आबांनी रडू दिलं. मग म्हणाले, "बँक कवा बंद हुती?"

"बाराला."

"मग रडती कशाला बसून? ऊठ."

"वायदंडे," बाई म्हणाल्या, "सोमवारी समितीला मी काय सांगू?"

आबांनी टोपी डोक्यावर घातली. "सांगा, गाडी सुटली म्हणावं."

बँकेत आम्ही बाराला सात मिनिटं असताना पोचलो. बाईंनी आपल्या लूनावरून मला पुढे नेलं आणि आबा मागून रिक्षा न करता चालत, खरं तर पळत आले. दौऱ्याची वर्गणी दीड वाजता भरली. नाडकर्णीसर पावती फाडताना म्हणाले, "घरचं लग्न?" मी म्हणाले, "मोडलं, सर." मग आबांनी मला हंटर शूज घ्यायला नेलं. दुकानदारानं दाखवलेले पहिले चार जोड त्यांनी तळवे वाकवून बघून नापास केले. पाचवा माझ्या पायात घालून मला दुकानात तीन फेऱ्या मारायला लावल्या. बूट पायात असताना ताठ चालल्याशिवाय गत्यंतर नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचं सगळं भराभर झालं. दौऱ्याच्या तिसऱ्या दिवशी नाडकर्णीसरांनी एका ओढ्याच्या काठावर आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, पाणी या बाजूनंच का झिरपतंय? चौदा जणांत उत्तर फक्त मला आलं, कारण त्या दिवसांत मी रात्रभर झोपत होते आणि दिवसभर जागी होते. सर म्हणाले, "वायदंडे, तू होतीस कुठे सहा महिने?" परत आल्यावर सोनटक्केकाकूंना नमस्कार करून लाटणं ठेवलं, झेरॉक्सचं दुकान सोडलं. समितीनं शिष्यवृत्ती चालू ठेवली आणि पत्रातलं ते वाक्य काढून टाकलं. राहिलेले दोन विषय सुटले, दुसऱ्या वर्षी विभागात पहिली आले. आज मी भूजल खात्यात आहे आणि माझ्या शब्दावर गावं विहिरी खणतात. पाणी लागतं. एकदोनदा नाही लागलं, पण ते इथे सांगायची गरज नाही.

पण त्या शनिवारचं एक सांगायचं राहिलं. चार वाजता मी आबांना सोडायला स्वारगेटला गेले. बुटांचं खोकं माझ्या काखेत होतं, आणि पिशवीत काढलेल्या पैशातले उरलेले पैसे होते. आयुष्यात प्रथमच माझ्याकडे खर्चायला पैसे होते आणि मी फार ऐटीत होते.

"आबा, तिकीट मी काढते," मी म्हणाले.

"नगं. तुझ्या गाडीभाड्यात मला बसवू नगंस. हाईत माज्याकडं."

"कुठनं आलं?" मला एकदम आठवलं. पौष नुकताच सरला होता. पौषात लग्नं नसतात, आणि त्यानंतरचे आठ-पंधरा दिवस मिळेल ते जुनी देणी फेडण्यात जातं, बँडवाल्याच्या घरात चहासुद्धा उधारीवर असतो. विटा-पुणे जाऊन-येऊन भाडं आबांकडे असणं शक्यच नव्हतं. "आबा, कुणाकडनं घेतलं?"

"कुणाकडनं न्हाई."

"मग?"

आबा विट्याच्या बसची पाटी वाचत असल्यासारखं करत होते. ती पाटी त्यांना न वाचताही ओळखता येत होती.

"कदमांचं लग्न हाय फाल्गुनात," ते म्हणाले. "त्यांचा इसार आला व्हता."

"तुमी इसार मोडला?"

"व्हय."

"आबा! आन् लग्न मोडलं तर?"

कंडक्टरनं घंटी दिली. आबा पायरीवर चढले आणि दांडीला धरून मागे वळले.

"मोडलं तर कुठनंबी आणून भरीन की. आज हितं आलो नसतो, तर ते कुठनं आणून भरलं असतं?"

कदमांचं लग्न ठरल्या दिवशी लागलं.